गेंडासरांच्या दोन तारा

एका जंगलात, बाळांनो, अनुभवी मंडळी फार होती. त्यामुळे तिथे काहीच धड होत नसे.

त्या जंगलात एक सुसर राहायची. तिने तीस अंडी घातली आणि नदीकाठी पालापाचोळ्याच्या ढिगात पुरली. ढीग बत्तीस अंशांवर राहिला तर पिल्लं जगणार. गार पडला तर सगळी मरणार. म्हणून ती सल्ला घ्यायला जंगल विद्यापीठात गेली.

विद्यापीठाचे प्रमुख होते गेंडासर. कातडी जाड, म्हणून पद मोठं.

"सोपं आहे बाई," गेंडासर म्हणाले. "ढिगात प्लॅटिनमची तार खुपसायची. ती तापली की तिचा विजेला होणारा रोध वाढतो. पण वाढतो चिमूटभर. तो ॲम्प्लिफायरने शंभरपट करायचा आणि मीटरवर अंश वाचायचे."

इथपर्यंत बरोबर होतं. पुस्तकातलं होतं ना!

"मीटर मात्र माझ्या गुहेत बसेल. मानाचा प्रश्न आहे."

गुहा नदीपासून अर्धा कोस लांब. तिथपर्यंत तारा ओढायचं काम सुगरण पक्षिणीकडे आलं. तिने दुसऱ्याच वर्षी विद्यापीठ सोडलं होतं, त्यामुळे तिला काम येत होतं.

"सर, एवढ्या लांब तारांना स्वतःचाही रोध असतो," ती म्हणाली. "ॲम्प्लिफायर तोही उष्णता म्हणून मोजेल. तिसरी तार टाकू. तिच्यावरून वाटेतला रोध कळेल, तो वजा करू."

"आमच्या वेळी दोनच तारा होत्या. आम्ही काय मेलो?"

"तुम्ही नाही. अंडी मेली असतील."

"आधी डिग्री घे, मग तोंड उघड!"

दोनच तारा ओढल्या. मीटर सुरू झालं. आकडा आला बेचाळीस.

ॲम्प्लिफायरचा स्वभाव सरांसारखाच असतो, बाळांनो. मिळेल ते मोठं करून सांगायचं. खरं-खोटं बघायचं नाही.

"अंडी उकडतायत!" सर ओरडले. हत्तीने दोन दिवस ढिगावर पाणी ओतलं. मीटर बत्तीसवर आलं. सरांना शाल मिळाली, नारळ मिळाला. कोल्हा तासभर बोलला.

सुसर ढिगाशी गेली. पाला गारठला होता.

"सर, एकदा हात लावून बघा हो."

"बाई, हात लावणं अशास्त्रीय आहे. मीटर बघा."

"मीटर तुमच्या गुहेत आहे. पोरं माझी ढिगात आहेत."

"आक्का, यांच्याशी कसली हुज्जत घालतेस?" सुगरण म्हणाली. "उकर!"

सुसरीने ढीग उकरला. एकेक अंडं तोंडात धरून शेजारच्या उबदार वाळूत नेलं. नऊ अंडी हलवली, तोवर रानडुकरांचा पहारा आला. "प्रयोगात ढवळाढवळ!" म्हणत त्यांनी तिला हाकललं.

सुगरणीने त्या वाळूत नवी तार खुपसली. तार वीतभर, मीटर शेजारीच. नऊच्या नऊ पिल्लं बाहेर आली. ढिगातली एकवीस आलीच नाहीत.

गेंडासरांनी अहवाल लिहिला : 'तापमान शेवटपर्यंत अचूक होतं. हल्लीच्या अंड्यांत जिद्दच नाही.'

नऊ पिल्लांचा उल्लेख त्यात नव्हता. ती परवानगीशिवाय जन्मली होती.

तात्पर्य : वडीलधाऱ्यांचं मुकाट ऐकावं. जे ऐकत नाहीत ते जगतात, आणि मग त्यांना जन्मभर वडीलधाऱ्यांची भाषणं ऐकावी लागतात.