वानखेडेची एकच चाल

सन १९८४. माझं वय सत्तावन्न, आणि जयपूरच्या रेल्वे कॉलनीत माझ्या ढोलकीसमोर बसायला कोणी तयार नव्हतं. कारण शेजारचा वानखेडे. या माणसानं सहा तारांच्या गिटारीच्या चार तारा काढून खुंटीला टांगल्या होत्या. का, तर म्हणे, "जास्त तारा, जास्त गडबड."

वानखेडे पार्सल ऑफिसात क्लार्क. अकोल्याचा, एकटा. तुपाचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर टाच आपटायचा आणि उरलेल्या दोन तारांवर एकच चाल घोळवायचा, तासभर. याला ब्लूज म्हणतात, अमेरिकेतल्या राबणाऱ्या काळ्या लोकांचं गाणं, असं तो सांगे. कोणी "पुढचं वाजवा" म्हटलं की ठरलेलं उत्तर, "घाई कायची, भाऊ? फिरू द्या ना."

आणि फिरायचं हो! ऐकणाऱ्यांच्या माना डुलायच्या, डोळे मिटायचे. माझा जीव जळायचा. मी चौथी पास असलो तरी बारा तऱ्हेचे ठेके वाजवतो. पण गुरुवारच्या माझ्या भजनाला उरलं कोण? मी आणि देवाचा फोटो. माझी बायकोसुद्धा आरती उरकून तिकडे पळे. वर मलाच सांगे, "अहो, त्यानं अंग हलकं होतं."

एका गुरुवारी ढोलकी ठेवली आणि त्याच्या भर बैठकीत जाऊन उभा राहिलो. "वानखेडे, रेकॉर्डची सुई अडकलीय काय रे? एकच चाल, तीही कुठून तरी उचललेली!"

सगळे हसले. त्यानं टाच थांबवली. "भाऊ, चाल तुमचीच आहे."

मी रेल्वेत चावीवाला. रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या ढिल्या झाल्या की हातोड्यानं ठोकत मैलोन्मैल चालायचं. आपलाच हातोडा आपल्याला कुठं ऐकू येतो?

"मी इथं नवा आलो," तो म्हणाला, "तेव्हा मराठी बोलायला कोणी नाही. रोज सकाळी ऑफिसच्या मागून तुम्ही जायचे. टण् टण्, जरा थांबा, मग टण्. आणि ढिल्या चावीला मराठीत शिवी. वाटे, आलं बाप्पा आपलं माणूस. तुमच्या सुट्टीच्या दिवशी करमायचं नाही, म्हणून हे डब्यावर सुरू केलं." मग हळूच, "पुढच्या साली रिटायर होणार ना तुम्ही?"

बायको म्हणाली, "बसा आता." बसलो. नीट ऐकलं. मधला थांबा जरा लांबत होता. तेवढं मात्र त्याला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्सल ऑफिसमागे पोचलो. तिथल्या सगळ्या चाव्या घट्ट होत्या. तरी एकेक ठोकली, आणि खिडकीकडे तोंड करून खणखणीत शिवी हासडली. मराठीत.