ठणेश्वराचा कौल

ठण्ण!

मुलांनो, एका जंगलात असा आवाज झाला, त्याला आता खूप वर्षं झाली. तो कसा झाला हे फक्त केरोबा साळिंदराला ठाऊक होतं.

तेव्हा केरोबा एवढासा होता. अंगावरचे काटेसुद्धा अजून मऊ होते. आईने कवठ फोडून द्यायला उशीर केला म्हणून तो रुसला आणि त्याने कवठाला लाथ मारली. कवठ उतारावरून घरंगळत गेलं आणि खाली पालथ्या पडलेल्या तांब्याच्या हंड्यावर आदळलं. कोणा वाटसरूने तो हंडा तिथे टाकला होता. हंडा जाड होता, म्हणून आवाजही चांगला निघाला.

केरोबा घाबरून आईच्या पोटाखाली शिरला. तो बाहेर आला तोवर हंड्याभोवती अर्धं जंगल जमलं होतं आणि घोरपडबुवा हंड्यावर चढून बसले होते.

"देव बोलला," बुवा म्हणाले.

"काय बोलला?" सशाने विचारलं.

"ठण्ण."

"म्हणजे काय?"

"ते कळायला अधिकार लागतो," बुवा म्हणाले. त्या दिवसापासून तो अधिकार त्यांच्याकडेच राहिला.

देवाचं नाव ठणेश्वर ठरलं. हंड्यासमोर आलं की सगळ्यांनी डोळे मिटायचे. देवाकडे उघड्या डोळ्यांनी बघणं पाप, असं बुवांनी सांगितलं होतं. आता हंड्याच्या वरच कवठाचं एक झाड होतं. पिकलेलं कवठ अधूनमधून हंड्यावर पडायचं. ठण्ण व्हायचं. सगळे डोळे उघडायचे तेव्हा समोर कवठ दिसायचं.

"बघा! देव बोलला की प्रसाद पडतो," बुवा म्हणायचे आणि प्रसाद खायचे.

काही अडलं तर ठणेश्वराला कौल लावायचा. ठण्ण झालं तर देव 'हो' म्हणाला. काहीच झालं नाही तर देव विचार करतोय. 'नाही' असं ठणेश्वर कधीच म्हणाला नाही. इतका मनमिळाऊ देव आजूबाजूच्या कुठल्याच जंगलात नव्हता.

केरोबाने लहानपणी एकदा आईला सांगून पाहिलं होतं, "आई, ते माझं कवठ होतं."

"गप्प बस," आई म्हणाली. "मोठ्यांच्या देवात लहानांनी बोलू नये."

मग तो गप्प बसला. गप्प बसून बसून म्हातारा झाला. कुणाचं काही बिघडत नव्हतं. बुवांचं पोट भरत होतं, सशाला धीर येत होता. राहू दे, असं त्याला वाटायचं.

मग एका वर्षी पाऊस आला नाही. तळं आटत आटत तळहाताएवढं झालं आणि एक दिवस तेही राहिलं नाही.

केरोबाच्या शेजारी भागूबाई कासवीण राहायची. पाऊस पडावा म्हणून तिने ठणेश्वराला एकशे आठ प्रदक्षिणा बोलल्या. कासवाची एक प्रदक्षिणा म्हणजे एक दिवस. चाळीस झाल्या होत्या. नदी होती, पण भागूबाईच्या चालीने ती नऊ दिवसांच्या वाटेवर. बाकीची जनावरं रोज सकाळी नदीवर जाऊन पोटभर पाणी पिऊन यायची आणि भागूबाईच्या श्रद्धेचं कौतुक करायची.

केरोबा येताना नदीकाठचं ओलं मूळ तिच्यासाठी तोंडात धरून आणायचा. वाटेत ते निम्मं सुकायचं.

"भागूबाई, अहो, मान आत घेताना आवाज येतो तुमच्या," तो म्हणाला. "नदीकडे निघा."

"अडुसष्ट राहिल्यात, केरोबा."

"अडुसष्ट दिवस तुम्ही टिकायच्या नाहीत."

"त्याची काळजी त्याला."

"त्याला म्हणजे हंड्याला?"

"असं बोलू नये. मुळं आणता म्हणून सोडून देते." ती दोन पावलं पुढे गेली. तेवढ्यात दुपार झाली.

केरोबा तिच्याकडे बघत राहिला. मग झाडाखाली सुकून पडलेलं शेवटचं कवठ त्याने उचललं आणि हंड्यापाशी गेला. बुवा हंड्यावर ऊन खात होते. बाकीचे डोळे मिटून उभे होते.

"ऐका हो," केरोबा हळूच म्हणाला. "पहिला ठण्ण मीच केला होता. लाथ मारली होती मी कवठाला."

बुवांनी एक डोळा उघडला.

"लाथ मारायची बुद्धी तुला कोणी दिली?"

"भुकेने."

"भूक कोणी दिली?"

"आईने उशीर केला."

"आईला उशीर कोणी करवला?"

"ती शेजारणीशी बोलत होती."

"शेजारीण कोणी धाडली?"

केरोबाला शेजारणीचं नाव आठवेना. "बघा, निरुत्तर झाला!" ससा आनंदाने ओरडला.

"बरं, तसं असू दे," केरोबा म्हणाला. "मी आत्ता करून दाखवतो. फक्त डोळे उघडा."

"देवासमोर?" सगळे एकदम म्हणाले आणि त्यांनी डोळे आणखी घट्ट मिटले.

केरोबाने कवठाला लाथ मारली. ठण्ण!

सगळ्यांनी डोळे उघडले. समोर कवठ.

"प्रसाद!" बुवा गहिवरून म्हणाले. "नास्तिकाचं तोंड बंद करायला देव जातीने बोलला!" आणि त्यांनी प्रसाद खाऊन टाकला.

सगळ्यांनी केरोबाचं अभिनंदन केलं. एवढा साक्षात्कार नास्तिकाच्या वाट्याला क्वचितच येतो, असं ससा म्हणाला.

या गडबडीत भागूबाई चालायची थांबली होती. तिने मान कवचात ओढून घेतली आणि आतूनच कौल लावला.

"देवा, पाय उचलत नाहीत रे. हे केरोबा म्हणतात नदीकडे जा. त्यांचं काय ऐकायचं? तू सांग. जाऊ का?"

सगळ्यांनी डोळे मिटले. सगळे थांबले.

काहीच झालं नाही.

"देव विचार करतोय," बुवा म्हणाले.

केरोबाने वर पाहिलं. झाडावर एकही कवठ नव्हतं. खाली पाहिलं. होतं ते बुवांच्या पोटात गेलं होतं. आसपास धड दगडसुद्धा नव्हता. देव विचार करत राहिला. कवचाच्या आत भागूबाईचा श्वास सुकल्या पाचोळ्यासारखा वाजत होता.

केरोबा चार पावलं मागे गेला. जन्मभर ज्या हंड्याला त्याने कधी डोकं टेकवलं नव्हतं, त्याच हंड्यावर त्याने धावत जाऊन डोकं आपटलं.

ठण्ण!

असा ठण्ण त्या जंगलाने आजवर ऐकला नव्हता. बुवा हंड्यावरून खाली पडले. सगळ्यांनी डोळे उघडले आणि कवठ शोधलं. कवठ नव्हतं.

"प्रसाद अदृश्य आहे," बुवा अंग झटकत म्हणाले. त्या दिवसापुरते ते अर्धपोटीच राहिले.

भागूबाईने मान बाहेर काढली. समोर केरोबा डोलत उभा होता. त्याच्या कपाळावर छोट्या कवठाएवढं टेंगूळ आलं होतं. भागूबाई त्या टेंगळाकडे बघत राहिली. बराच वेळ बघत राहिली.

मग ती वळली आणि नदीच्या दिशेने चालू लागली.

"देवाने पाठवलं!" ससा ओरडला. "हो ना, भागूबाई?"

भागूबाई चालत राहिली.

"व्रत देवाने पुरं धरलं, असं लोकांना सांगा बरं का!" बुवा म्हणाले.

भागूबाई चालत राहिली. केरोबा थोडा वेळ तिच्या बाजूने चालला. कासवाच्या बाजूने चालणं सोपं नसतं, मध्ये मध्ये थांबावं लागतं.

"भागूबाई," त्याने हळूच विचारलं, "तुम्ही नेमकं कुणाचं ऐकलंत?"

तिने मान जरा तिरकी केली. पुन्हा एकदा त्याच्या कपाळाकडे पाहिलं. आणि ती पुढे निघून गेली. नजरेआड व्हायला तिला संध्याकाळ झाली.

तात्पर्य : मुलांनो, नेहमी खरं बोलावं. कोणी ऐकलं नाही, तर तेच हंड्यातून बोलावं. मात्र कपाळाला आधी पाला बांधून घ्यावा.