तीनशे चाळीस आसनांचा मार्ग

विमान प्रवाशांच्या संख्येला साजेसं असावं, आणि त्याहीपेक्षा ते समोरच्या कंपनीच्या विमानाहून मोठं असावं, हे हवाई वाहतुकीतलं मूलभूत सत्य आहे. ते सांभाळायला कंपनीच्या मार्ग नियोजन खात्यात एक अधिकारी नेमलेला होता. खात्यात त्याला फूटपट्टी म्हणत. माणूस सरळ, मोजून बोलणारा.

टेकडीवरच्या एका गावी रोज सतरा लोक जायचे, म्हणून फूटपट्टीने तिथे एकोणीस आसनांचं विमान लावलं होतं. (उरलेल्या दोन जागा पिशव्यांना.) सगळं सुरळीत चाललेलं पाहून समोरच्या कंपनीने तिथे सत्तर आसनांचं विमान आणलं. मग यांनी दीडशेचं. त्यांनी दोनशेचं. शेवटी मोठ्या साहेबांनी टेबलावर हात आपटून तीनशे चाळीस सांगितलं. प्रवासी सतराच राहिले. प्रत्येकाच्या वाट्याला वीस जागा आल्या आणि अहवालात 'प्रवासी-सुखात एकोणीसशे टक्के वाढ' अशी नोंद झाली.

फूटपट्टीने दबकत एक शंका काढली, की गावची धावपट्टी आखूड आहे, एवढं धूड तिथे उतरणार नाही. साहेबांनी अहवालाचा नमुना पुढे सरकवला. त्यात चौदा रकाने होते, पण उतरणं हा रकाना नव्हता. फूटपट्टीला वाईट वाटलं. पण त्याला बढतीही हवी होती, म्हणून त्याने चौदाही रकाने भरून दिले. समोरच्यांनी लगेच चारशेचं आणलं. तेही उतरत नसल्यामुळे स्पर्धा निकोप राहिली.

तेव्हापासून विमान वेळेवर निघतं, गावावर दोन घिरट्या घालतं आणि वेळेवर परत येतं.

त्याच गावात फूटपट्टीची धाकटी बहीण दिलेली. तिला मुलगी झाली, म्हणून आई नात बघायला निघाली. (बस होती, पण दोन-दोन विमानं आल्यावर ती तोट्यात जाऊन बंद पडली.) आई चार वेळा गेली आणि चार वेळा परत आली. चौथ्या खेपेला बहिणीने गच्चीवर येऊन बाळ उंच धरलं. आईला फक्त टॉवेल दिसला.

घरी येऊन ती न जेवताच म्हणाली, "नाक आपल्यासारखं आहे की तिच्या सासूसारखं, एवढंच बघायचं होतं रे मला."

दुसऱ्याच दिवशी फूटपट्टीने लेखी मागणी केली, की लहान विमान परत लावावं. साहेबांनी रीतसर प्रवाशांची मतं मागवली. सतरापैकी सोळा जणांनी जागा ऐसपैस आणि सेवा उत्तम असल्याचं कळवलं. सतरावी आई. तिने 'उतरवा' एवढंच लिहिलं होतं. ते मत 'इतर' या सदरात गेलं. मागणी फेटाळली गेली आणि फूटपट्टीला बढती मिळाली.

आई आज नवव्यांदा गेली आहे. नातीला दोन दात आलेत म्हणे.

हसताय? हसा. पण मागच्या वेळी तिकीट काढताना, विमान उतरतं का, हे तुम्ही तरी कुठे विचारलंत? खिडकी मिळेल का, एवढंच विचारलंत.