राखेवर निळा रंग

“नायिका मरते आणि मग तिचं लग्न होतं,” जावई भर जेवणात म्हणाला, आणि सासऱ्यांचा घास हातातच राहिला.

सासरे निवृत्त प्राध्यापक. सगळं घर त्यांना सर म्हणे, सासूबाईसुद्धा. जावयाचं चष्म्याचं दुकान. जगाला वाचायला भिंगं देणारा हा माणूस स्वतः औषधाच्या बाटलीवरचा मजकूरही पुरता वाचत नाही, हा सरांचा नऊ वर्षांचा ठरलेला विनोद होता. एका जाडजूड अभिजात कादंबरीचं नाव घेऊन ते दर रविवारी विचारत, “ती तरी वाचलीत का, जावईबापू?” शेवटी जावयाने चिडून तिचं ध्वनिमुद्रण फोनमध्ये भरून घेतलं. दुकानात जाता-येता बसमध्ये रोज पन्नास-पन्नास मिनिटं ऐकून त्याने महिन्याभरात चोवीसच्या चोवीस प्रकरणं संपवली, आणि आज तो ताठ मानेने पानावर बसला होता.

“लग्न. मेल्यावर,” सर सावकाश म्हणाले.

“लगेच पुढच्या प्रकरणात. आणि घर जळून खाक झाल्यावर सगळे मिळून त्याच घराला निळा रंग देतात. मला आधी काही कळेना. मग म्हटलं, लोक उगाच का इतकी वर्षं ही कादंबरी डोक्यावर घेऊन नाचतायत?”

सरांनी पाण्याचा घोट घेतला. “कळली म्हणायची तुम्हाला. भल्याभल्यांना कळत नाही ती.”

नऊ वर्षांत पहिल्यांदाच सरांनी त्याला शहाण्यांत काढलं होतं. त्या आनंदात जावई दोन घास जास्त जेवला. सासूबाई मीठ आणायला म्हणून उठल्या, त्या बराच वेळ स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात सरांचे फोन सुरू झाले. “सहज तुमचं मत विचारतोय हो. रंग देताना ती माणसं दिसतात कशी?”

“हसत असतात. शिडी एकच असते, त्यावरून भांडतात.”

“अस्सं,” सर म्हणत, आणि पलीकडून पेन चालल्याचा आवाज येई. जावई गिऱ्हाइकाला तसाच खुर्चीत बसवून बोलत राही. चार दिवसांनी बायकोने सांगितलं की शनिवारी पाच वाजता वाचनालयात बाबांचं त्या कादंबरीवर व्याख्यान आहे. पत्रिकाही छापून आली होती. विषय, ‘राखेवर निळा रंग’. आपली वाक्यं सासरे व्यासपीठावरून म्हणणार, या कल्पनेने जावयाची छाती फुगली.

शनिवारी दुकान लवकर बंद करून तो बसमध्ये चढला. रोज शेजारी बसणाऱ्या नर्सलाही त्याने मोठ्या कौतुकाने ते ध्वनिमुद्रण पाठवलं होतं. तिने नमस्कार न करता त्याच्याच हातातला फोन घेतला.

“प्रकरणं कशी लागलीयत बघा. एक. मग दहा, अकरा, बारा, थेट एकोणीसपर्यंत. त्यानंतर दोन.”

“बरं मग?”

“अहो, एकानंतर दोन येतं हे फोनला नाही कळलं. तुम्हाला तरी?”

वाचणारे गृहस्थ प्रकरणाचा आकडा सांगण्याच्या भानगडीत पडले नव्हते. नायिका एकोणिसाव्यात मरत होती आणि लग्न दुसऱ्यात होत होतं. घर चोविसाव्यात जळत होतं आणि रंग तिसऱ्यात. त्याने सरांना फोन लावला, पण भाषणाआधी सर फोन बंद ठेवत. आपलं हसं झालं तर झालं, त्याची आपल्याला सवय आहे. पण म्हाताऱ्याने जन्मभर जपलेली अब्रू आपल्यापायी जाणार, हे काही त्याला सोसवेना. वाचनालयाच्या स्टॉपवर उतरून तो धावत सुटला.

सभागृहात साठेक माणसं होती आणि सर रंगात आले होते. “मृत्यूनंतर विवाह,” ते म्हणत होते, “हे फक्त अभिजात लेखकालाच सुचतं.” साठ माना हलल्या.

जावई वाकत वाकत जाऊन सासूबाईंशेजारी बसला. “आई, घोटाळा झालाय. मी सगळं उलटसुलट ऐकलंय.”

“माहीत आहे मला.”

“तुम्ही वाचलीय ती?”

“तीनदा. घरात पुस्तक होतं, कोणीतरी वाचायला नको?”

“मग त्यांना थांबवलं का नाहीत?”

“बत्तीस वर्षं तेच कौतुक ऐकतेय. आज पहिल्यांदाच काहीतरी नवीन कानावर पडतंय, तर ऐकू दे की.”

“पण इथे कोणी उठून विचारलं तर?”

सासूबाईंनी सभागृहावरून एक नजर फिरवली. “वाचली असती, तर एव्हाना उठले नसते?”

शेवटी अध्यक्ष बोलायला उभे राहिले. “ही कादंबरी मी सात वेळा वाचली आहे,” ते म्हणाले, “पण निळ्या रंगाकडे या दृष्टीने कधी पाहिलं नव्हतं.”

घरी येताना जावयाला राहवलं नाही. त्याने सगळं कबूल केलं. सर फाटकापाशी थांबले. हातातला पुष्पगुच्छ त्यांनी खाली घेतला.

“हिला ठाऊक होतं?”

“तुमच्या पुस्तकातली खूण अजून अकराव्या पानावर आहे,” सासूबाई म्हणाल्या. “धूळ मीच झटकते.”

“शिकवायला टिपणं पुरतात हो,” सर पडेल आवाजात म्हणाले. “वाचायचं राहूनच गेलं.” जावयाला त्यांची फार कीव आली, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा थोडं प्रेमही वाटलं.

सोमवारी आठ वीसच्या बसला सर आधीच खिडकीशी बसलेले होते.

“कुठे निघालात?”

“कुठेच नाही. तुम्ही उतरलात की मी परत फिरेन. एक इअरफोन इकडे द्या, आणि एकापासून लावा.”

बुधवारी तिसरं प्रकरण लागलं. घराला रंग देणं चाललं होतं, एका शिडीवरून भांडणं चालली होती. सर डोळे मिटून मान डोलवत होते.

“हे बघा,” ते म्हणाले, “शेवट मात्र आधी सांगायचा नाही.”

“तो मी तुम्हाला कधीच सांगितलाय. तो शेवट आहे हे मलाच ठाऊक नव्हतं.”

सरांनी डोळे उघडले.

“अहो पण,” ते म्हणाले, “आत्ताच तर रंग दिलाय.”