तुळसेची बदली

सौ. हेमलता गिजरे यांच्या खेळातल्या पात्राने त्यांच्याविरुद्ध तक्रार केली, आणि सुनावणी ज्येष्ठातल्या एका गुरुवारी त्यांच्याच घरी ठेवण्यात आली. खेळ कॉम्प्युटरवरचा, नाव नवखंड. पात्राचं नाव तुळसा, काम वैदूचं. लढाईत मागे उभं राहायचं, हातातला दंड वर धरून मंत्र म्हणायचा आणि पुढे लढणाऱ्यांच्या जखमा भरायच्या. तक्रार एवढीच होती की आपल्याला चालवणारी बाई हौशी आहे, तरी आपली बदली एखाद्या कट्टर खेळाडूकडे व्हावी.

कराडात त्या वर्षी अशा बदल्या बऱ्याच झाल्या. शेजारच्या भोसेकरांचा धनुर्धारी तर थेट जर्मनीतल्या कुणाकडे गेला, आणि भोसेकर वहिनींनी आळीत पेढे वाटले. त्यामुळे हेमलतेला धक्का बसला नाही. वाईट मात्र वाटलं. पाच वर्षं जिला आपल्या हाताने वाढवली, तिनं सांगायचं तर आधी आपल्याला सांगायचं, खेळाच्या कचेरीत कशाला जायचं, एवढंच तिच्या मनात येत राहिलं.

नवखंडात खेळणारी माणसं दोनच प्रकारची. पोरंसोरं त्यांना कॅज्युअल आणि हार्डकोअर म्हणतात. कचेरीच्या भाषेत हौशी आणि कट्टर. हेमलतेला हे शिक्के ठाऊक होते, पण आपण त्यातल्या कशात मोडतो हा विचार तिने केला नव्हता. ती खेळायला लागली तीच मुळी नवऱ्याच्या, अविनाशरावांच्या, शिलेदार मंडळात वैदू नव्हता म्हणून. पत्त्यांना चौथा भिडू कमी पडला की बायकोला हाक मारतात, तशी त्यांनी मारली. हिने हात पुसले आणि बसली.

तुळसा सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारीच आली. हेमलतेचा कॉम्प्युटर स्वयंपाकघरात फ्रीजशेजारी होता. पडद्यातून उतरताना तुळसेने आधी दंड बाहेर ठेवला, मग पाय.

"जपून गं, फरशी ओली आहे," हेमलता म्हणाली. "जेवलीस का?"

"तुम्ही जेवू घालाल तेव्हा जेवते मी, ताई. परवापासून उपाशीच आहे."

"अगं बाई! परवा भोसेकरांकडे डोहाळजेवण होतं. नेमापुरतीच बसले गं मी." हेमलतेने घाईघाईने पान वाढलं. तुळसा पाटावर बसली. पडद्यात दिसायची त्याहून ती बुटकी होती, आणि कोपरापाशी तिचा सुती झगा विरलेला होता.

"मला आधी बोलली असतीस तर?" हेमलतेने आमटी वाढता वाढता विचारलं.

"कधी बोलू? तुम्ही बसता, दोन मंत्र म्हणवून घेता, आणि 'आलेच हं' म्हणून जाता. मी दंड वर धरून उभी. रक्तदरीत आठवतं? राक्षस समोर, मंडळातले सगळे रक्तबंबाळ, सगळे मागे वळून माझ्याकडे बघतायत, आणि माझा हात वरच्या वर."

"कुकर होता गं. वरणाला तीन शिट्ट्या झाल्या की—"

"तुमचं वरण झालं. माझी माणसं मेली."

"पण परत उठली ना सगळी?"

"उठली. मरावं तर लागलंच की." तुळसेने भाताचा घास घेतला. "आणि नंतर पाणवठ्यावर मला काय म्हणतात, माहितेय? नाव नाही घेत कुणी. 'हौशीची' म्हणतात. 'हौशीची आली, सरका,' म्हणतात. कट्टरांची पात्रं वरच्या पायरीवर पाणी भरतात आणि आम्ही खालच्या. त्यांनी पाय धुतलेलं."

हेमलतेने आणखी तूप वाढलं.

"बाकी तुमच्याविषयी माझं काही म्हणणं नाही," थोड्या वेळाने तुळसा म्हणाली. "सोमवारी माझ्या हातून तुम्ही हत्या करवत नाही. चामडं अंगाला लावू देत नाही. सोमवारी झऱ्याकाठी नुसतं बसून राहायचं, ते मला आवडायचं. आणि वेशीवरचा तो नेमसुद्धा."

तो नेम म्हणजे व्रत होतं. गेल्या श्रावणात अविनाशरावांच्या छातीत कळ आली, तेव्हा दवाखान्याच्या बाकावर बसून हेमलता औंधच्या यमाईला बोलली होती. वर्षभर, रोज, आधी वेशीवर पडलेल्या एका अनोळखी जखमीला उठवीन आणि मगच पुढची वाट धरीन. लोकांना हे नवल वाटलं असतं, पण तिचा हिशेब सरळ होता. डॉक्टरांच्या हातातलं डॉक्टर करत होते. तिच्या हातात जखमा भरणं होतं ते फक्त तिथेच. अविनाशराव बरे होऊन घरी आले. उद्यापन येत्या श्रावणात होतं, आणि तोवर तुळसा हाताशी हवी होती. ती गेली तर व्रत मोडणार, आणि व्रत मोडलं तर ते कुणाच्या छातीवर येणार, हे हेमलतेला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

गुरुवारी निवाडा अधिकारी पेंढारकर साताऱ्याहून एस.टी.ने आले. त्यांनी चपला बाहेर काढल्या, पाणी घेतलं आणि अविनाशराव कुठे आहेत म्हणून चौकशी केली. अविनाशराव बैठकीच्या खोलीत कानाला हेडफोन लावून लढत होते. सुनावणीसाठी उठणं त्यांना शक्य नव्हतं, म्हणून पेंढारकरांनी आपली खुर्ची दोन खोल्यांच्या मधल्या उंबऱ्यापाशी घेतली.

"बाई, खेळताना तुम्ही उठता?"

"उठते."

"वरचेवर?"

"लागेल तसं. दार वाजतं, दूध येतं, ह्यांची गोळी असते—"

"कारणं राहू द्या. कारणं नियमात बसत नाहीत. नियम एवढाच आहे, बसल्यावर न उठणारा तो कट्टर, उठणारा तो हौशी."

"साहेब, पण पाच वर्षांत माझा एक सोमवार चुकला नाही. अंगात ताप असताना मी वेशीवरच्या जखमीला उठवलंय. चतुर्थीला चंद्र दिसेपर्यंत हिच्या हातून मुंगी मारवली नाही. ह्याला कट्टर नाही म्हणत?"

पेंढारकरांनी खरोखर विचार केला. माणूस वाईट नव्हता. "ह्याला श्रद्धा म्हणतात, बाई. चांगली गोष्ट आहे. माझी आईही करायची. पण खेळात ती धरत नाहीत." मग त्यांनी विचारलं, "घरात कट्टर कुणी आहे?"

हेमलतेचा चेहरा उजळला. नवऱ्याची पत असली की बायकोला दुकानात उधार मिळतं, तसं काहीसं तिला वाटलं. घरात असा माणूस आहे म्हटल्यावर हे आपल्याला सांभाळून घेतील. "आहेत की! आमचे हे. शिलेदार मंडळाची ढाल आहेत. बसले की बसले. घराला आग लागली तरी उठायचे नाहीत."

"खरं?"

"विचारा आळीत कुणालाही."

"पाणी लागलं तर?"

"मी नेऊन देते."

"दारावरची बेल?"

"मी बघते. त्यांना ऐकूही येऊ देत नाही."

"औषध?"

"गोळी घेऊन समोर उभी राहिले की तोंड उघडतात. नजर हलत नाही हो पडद्यावरची!"

"अगं, चहा टाकतेस का?" आतून अविनाशरावांचा आवाज आला.

"आलेच हं," हेमलता म्हणाली आणि उठली. पेंढारकरांनी तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहिलं, मग अविनाशरावांच्या न हललेल्या पाठीकडे पाहिलं, आणि मान डोलावली. "अशी माणसं कमी झालीत आता," ते तुळसेला म्हणाले.

ती चहा घेऊन परत आली तेव्हा निकाल झालेला होता. सौ. हेमलता गिजरे हौशी. पात्र तुळसा हिची बदली श्री. अविनाश गिजरे यांच्याकडे. कट्टर खेळाडू एका वेळी दोन पात्रं चालवू शकतो, त्यामुळे अडचण काही नव्हती.

"इथेच?" तुळसा उभी राहिली. "साहेब, मी बदली मागितली होती."

"कट्टर मागितला होतास. कट्टर दिला."

"मला वाटलं होतं लांब कुठेतरी. जर्मनीत वगैरे."

"लांब असं तक्रारीत नव्हतं," पेंढारकर म्हणाले आणि त्यांनी चहा घेतला.

हेमलता चहाचा ट्रे हातात धरून तशीच उभी होती. मग तिने हळूच विचारलं, "साहेब, माझं व्रत आहे हिच्या हातून. त्याचं कसं?"

हा प्रश्न पेंढारकरांना यापूर्वी कुणी विचारला नसावा. त्यांनी कप खाली ठेवला. "व्रत पात्राच्या हातून घडतंय, तेव्हा ते पात्राबरोबर जाईल. पुण्य चालवणाऱ्याच्या खात्यात. चुकलं तर दोष मात्र जी बोलली तिच्याकडे राहील. बोलणं काही बदली होत नाही."

"बरोबर आहे," हेमलता म्हणाली. तिला ते खरंच बरोबर वाटलं.

पेंढारकरांना परतीची गाडी गाठायची होती. ते गेल्यावर हेमलतेने तुळसेला पाटावर बसवलं आणि तिची ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण, हळकुंड. तुळसा सवाष्ण की कुमारिका हे खेळाने कधी ठरवलं नव्हतं, म्हणून कुंकू लावताना तिने विचारलं नाही. तुळसेने विरलेल्या झग्याचा घोळ पुढे केला.

"ताई, मी तक्रार मागे घेतली तर?"

"निकालानंतर घेता येत नाही गं. आणि तिथे तुला वरच्या पायरीवर पाणी मिळेल."

"हो. ते मिळेल."

"आवरा लवकर!" बैठकीतून आवाज आला. "सातला गडावर चढाई आहे. वैदू लागतो."

तुळसा या वेळी स्वयंपाकघरातल्या पडद्यातून गेली नाही. ती बैठकीतल्या पडद्यातून गेली, आधी दंड, मग पाय. नारळ काठावर अडकला, तो हेमलतेने आत सरकवला.

"अहो," ती अविनाशरावांच्या खुर्चीमागे उभी राहून म्हणाली, "एवढं एक करा. वेशीवरून जाताना आधी एका जखमीला उठवायचं. एकाच. मग खुशाल जा गडावर."

"कशाला? त्या जखम्यांना उठवून काही मिळत नाही. कॅज्युअल लोक असतात ते. दोन मिनिटं फुकट."

"तुमच्यासाठी बोललेय मी. तुमच्या छातीसाठी."

"मला काय धाड भरलीय? ठणठणीत आहे."

"म्हणूनच तर."

"बरं, बघतो."

"बघतो नको. करा."

"करतो म्हटलं ना! जरा बाजूला हो, पडदा दिसत नाही."

त्या संध्याकाळी त्यांनी पहिलं काम केलं ते तुळसेला चामड्याचं चिलखत घातलं. सुती झगा विकून काही येत नव्हतं, म्हणून टाकून दिला. चढाई जिंकली. मंडळातल्या केदारने मोठ्या आवाजात, हेडफोनबाहेर खोलीभर ऐकू जाईल असं म्हटलं, "काका, आज कळलं वैदू म्हणजे काय! काकूंच्या वेळी आम्ही देवाचं नाव घेऊनच आत शिरायचो." सगळे हसले. हेमलताही हसली. पोरगं मनाने चांगलं होतं.

मग तिने विचारलं, "आज जखमी?"

"अगं राहिलं. उद्या नक्की."

चूक झाली म्हणजे प्रायश्चित्त आलं. हेमलतेने त्या रात्री आपली पोळी झाकून ठेवली आणि पाणी पिऊन झोपली. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, पुन्हा राहिलं होतं, पुन्हा पोळी झाकली. सोमवारी तुळसेने राक्षस मारले. चतुर्थीलाही मारले. तेव्हा हेमलतेने दुपारचंही सोडलं. भोसेकर वहिनी म्हणाल्या, "काय हो, किती बारीक झालात! कुठलं व्रत?" हिने सांगितलं, "तेच चाललंय." वहिनींना हेवा वाटल्यासारखं दिसलं.

एक गोष्ट मात्र रोज घडत होती. चहा घेऊन गेली की ती क्षणभर पडद्याकडे बघायची. वेशीपाशी आलं की तुळसेची पावलं जड व्हायची. बाकीचे पुढे जायचे आणि ही एका जखमीजवळ थबकायची, दंड अर्धा उचललेला. अविनाशराव कळ दाबत राहायचे.

"ही मध्येच अडकते का गं इथे?"

"सवय आहे तिला."

"मोडेल," ते म्हणाले. ते रागाने बोलले नव्हते. मशीनमधला खरखराट जाईल म्हणावं, तसं बोलले.

हेमलतेला त्या अडकण्याची आशा वाटायची. रोज एवढा वेळ थांबते, एक दिवस हिचा दंड वरपर्यंत जाईल. निदान त्यांच्या हाताला कंटाळा येईल आणि ते म्हणतील, जाऊ दे, उठव बाई त्याला एकदाचं. ती चहा घेऊन थोडी लवकर जायला लागली, वेशीची वेळ साधून. ओठांतल्या ओठांत मंत्रही म्हणायची, तिला पाठ होता तोच.

आषाढ संपत आला तेव्हा एका संध्याकाळी मंडळ वेशीवरून गेलं आणि तुळसा कुठेच थबकली नाही. चिलखताचा आवाज करत, बाकीच्यांच्या पावलाशी पाऊल मिळवून, जखमींच्या मधून वाट काढत ती सरळ गेली. एकाने तिच्या पायाशी हात पुढे केला होता. तिने तो ओलांडला, खाली न बघता.

"बघ," अविनाशराव खूश होऊन म्हणाले. "सुधारली की नाही?"

"हो," हेमलता म्हणाली. "चहा गार होईल, घ्या."

त्यांनी कप घेतला. छातीत काही दुखतंय का, म्हणून तिने विचारलं. छे, म्हणाले, कधी नव्हे इतकं बरं वाटतंय. तिला हायसं वाटलं. मग स्वयंपाकघरात जाऊन तिने त्यांच्यापुरत्या पोळ्या लाटल्या, आपल्या वाटणीची कणीक झाकून ठेवली आणि दाराची बेल वाजली तशी बघायला उठली.