आवाजाचं फाटक आणि सकाळची बस

कुंभारवाड्याच्या गुणा मिराशीकडचा गिटारचा अँप्लिफायर कुणी न वाजवताही वाजत असे. १९८९ सालच्या एप्रिलपर्यंत ही त्याची घरगुती अडचण होती. मे महिन्यात ती सरकारी झाली.

गुणा लग्नाकार्यात, जत्रेत ऑर्केस्ट्राबरोबर गिटार वाजवी. मडगावातला एक बँड फुटला, तेव्हा त्यांचा जुना अँप त्यानं घेतला, आगगाडीनं कॅसलरॉकला उतरवला आणि तिथून बैलगाडीत घालून घरी आणला. त्याचं 'गेन' नावाचं बटण उजवीकडं पिळलं की तारेला बोटाचा नुसता वास लागला तरी कौलं हलत. पण बोट लावलं नाही तरी ते धूड 'घूंऽऽ' करत राही. शेजाऱ्यांनी आधी घरात गांधीलमाश्यांचं पोळं शोधलं. मग त्यांनी गुणालाच घराबाहेर काढायचं ठरवलं.

यावर मडगावच्या एका वादकानं त्याला पायाखाली ठेवायची एक लोखंडी डबी दिली. नाव 'नॉइज गेट', म्हणजे आवाजाचं फाटक. ठरलेल्या पातळीखालचा आवाज आला की फाटक बंद, वरचा आला की उघडं. गुणानं ते आधी गिटार आणि अँपच्या मधे लावलं. गिटारीची घूं थांबली, अँपची चालूच राहिली, कारण ती अँपच्याच पोटात जन्मत होती. दोन दिवस डोकं खाजवल्यावर त्याला अँपच्या पाठीमागं दोन भोकं सापडली. एकातून आवाज पोटाबाहेर काढायचा, फाटकातून न्यायचा आणि दुसऱ्यातून परत आत सोडायचा. तसं केलं, डबीवरचं पहिलं बटण हळूहळू फिरवलं, तीनच्या आकड्यावर घूं गप्प झाली. तिथून पुढं तो केसभरही गेला नाही. पुढं गेलं की फाटक हळुवार सूरही गिळतं, हे त्याला कळलं होतं. दुसरं बटण फाटक किती सावकाश मिटायचं ते ठरवी. ते त्यानं अडीच सेकंदांवर ठेवलं.

पण गुणाची खरी काळजी अँप नव्हती, बस होती. त्याची मुलगी गिरजा सातवी पास झाली होती. हायस्कूल जोयड्याला. तिथं वेळेत नेणारी एकच बस होती, सकाळी आठची, आणि ती प्रवासी नाहीत म्हणून बंद झाली होती. प्रवासी नाहीत हे तालुक्याच्या साहेबांच्या माणसानं समक्ष पाहणी करून ठरवलं होतं. पाहणी अकरा वाजता झाली. आठच्या बसची माणसं आठलाच गेली होती, त्यामुळं थांब्यावर फक्त एक कुत्रं होतं आणि ते तिकीट काढणारं नव्हतं. दहा जूनपर्यंत नाव घातलं नाही तर गिरजाची शाळा कायमची सुटणार होती.

मे महिन्यात साहेबांची तक्रार निवारण सभा कुंभारवाड्याला ठरली. मागच्या सभेत माईक इतका किंचाळला होता की साहेब डोकं धरून जीपमधे बसले ते परत उतरलेच नाहीत. म्हणून मंडल पंचायतीचे प्रधान उमाजी गुणाच्या दारात आले.

"गुणा, तुजं ते गप बसवायचं मशीन पायजे."

"देतो की. पन माजा बसचा अर्ज पयला."

"पयला म्हंजे पयलाच!"

सभेच्या दिवशी सकाळी साहेबांचा कारकून आला. गुणानं अँपच्या पुढच्या बाजूच्या दोन तोंडांपैकी एकात माईक लावला, आवाज बाहेर पडायला कर्णा जोडला, फाटक तीनवर ठेवलं.

"पंख्याचा आवाज येतोय," कारकून म्हणाला. बटण चारवर गेलं. मग मागच्या बायकांची कुजबुज ऐकू आली, पाच. बाहेर कोंबडी ओरडली, सहा. कुणीतरी खोकलं, सात.

"अण्णा, आता मानूस बोललं तरी फाटक उघडायचं न्हाई," गुणा म्हणाला.

"बघा, किती शांत वाटतंय!" कारकून म्हणाला. त्यानं बटणावर लाख वितळवून मोहर ठोकली आणि वहीत नोंद केली : ध्वनिमर्यादा सात. शिवाय पक्षपाताला वाव नको म्हणून नियम केला की कर्ण्यातून येईल तेवढीच तक्रार धरली जाईल.

साहेब आले, हार पडले. गुणा उठला. मोठ्या आवाजाची वाद्यं बाळगणारी माणसं बहुधा मुखदुर्बळ असतात, तसाच तो होता. त्यानं बसची, गिरजाची सगळी हकीकत माईकमधे सांगितली. कर्ण्यातून काहीही आलं नाही. साहेब चार हातांवर बसले होते, त्यांना शब्दन् शब्द ऐकू गेला, पण नियम तो नियम. कारकुनानं लिहिलं : अर्जदार हजर, निवेदन निरंक.

"मुंदे!" साहेबांनी कानडीत पुढच्याला बोलावलं.

पुढची सुंदरीअक्का. तिनं विहिरीतल्या गाळाबद्दल माईकला ओठ टेकवून सांगितलं. निरंक. मग झिलू आला. हा या डोंगरावरून त्या डोंगरावरच्या गुराख्याला जेवायला हाका मारणारा गडी. त्यानं बेंबीच्या देठापासून 'बऽऽस!' अशी आरोळी दिली तशी कर्ण्यातून अशी बस बाहेर पडली की साहेबांच्या हातातला चहा त्यांच्याच मांडीवर गेला. झिलूला उद्धट वर्तनाबद्दल बाहेर बसवण्यात आलं. थोडक्यात, सातच्या खाली तक्रार नव्हती आणि सातच्या वर सभ्यता नव्हती.

पोरीचं कसं होणार? लाख फोडावी तर गुन्हा. तेवढ्यात त्याला अँपचं दुसरं तोंड आठवलं. त्यानं गिटार आणून तिची वायर त्यात खुपसली आणि सगळ्या तारांवर हात मारला.

"खर्रांऽऽग!"

फाटक सताड उघडलं. मिटायला अडीच सेकंद होते. तेवढ्यात गुणानं माईकमधे घुसवलं, "सकाळची बस सुरू करा!"

आलं! कर्ण्यातून आलं! त्यानं पुन्हा हात मारला. खर्रांऽऽग. "पोरीची शाळा बुडतीया!" सुंदरीअक्का धावत आली. खर्रांऽऽग. "हिरीत गाळ हाय!" झिलू खिडकीतून डोकं घालून तयारच होता. रांग लागली. अडीच सेकंदांत सांगायचं म्हणून तक्रारी आखूड झाल्या, आखूड झाल्या म्हणून तालात आल्या. बायकांनी टाळ्या धरल्या. साहेबांचा पाय हलू लागला.

"सार, तक्रारी लिहू?" कारकुनानं विचारलं.

"तक्रारी कसल्या? ही लोककला आहे," साहेब डोळे मिटून म्हणाले. शेवटी उठून त्यांनी सांगितलं की इतकी गोड माणसं दुसऱ्या कुठल्या तालुक्यात नाहीत आणि या मंडळींचा कार्यक्रम कारवारच्या महोत्सवात झालाच पाहिजे.

"आन बस, सायब?" गुणानं विचारलं. गिटार खाली ठेवली होती. कर्ण्यातून आलं नाही.

आठ जूनला कलाकारांसाठी खास बस आली. कारवारला 'सकाळची बस' या गाण्याला तीनदा वन्स मोअर मिळाला. एका बाईंनी डोळे पुसले आणि कॅसेट कुठं मिळते ते विचारलं. दहा तारखेला सकाळी बरोबर आठ वाजता बसनं मंडळींना कुंभारवाड्याला सोडलं आणि ती रिकामी जोयड्याकडं निघाली. थांब्यावर दप्तर घेतलेली गिरजा उभी होती.

"कलाकार हायस?" कंडक्टरनं विचारलं.

"न्हाई. शाळंला जायाचं हाय."

"मग ही गाडी तुजी न्हवं, बाय." त्यानं घंटी वाजवली. पंचावन्न मोकळ्या जागा घेऊन गाडी वळणाआड गेली आणि गिरजा तशीच उभी राहिली. गुणा अँपवर बसून रडला.

ही हकीकत छापायला देण्याआधी मी गुणाला वाचून दाखवली. त्यानं मान खाली घालून सगळी ऐकून घेतली.

"बरी लिवलीया," तो म्हणाला. "वाचणारी मानसं हसतील?"

"हसतील की. पोट धरून हसतील."

"मग बस काय येत न्हाई," गुणा म्हणाला.