सेल्सो विलाल्बा शेवटपर्यंत जातो

खरं म्हणजे त्या रविवारी सेल्सो विलाल्बाने एवढंच ठरवलं होतं, की बरगडीचा आणखी एक तुकडा घ्यायचा. बाकी काही म्हणजे काही ठरवलं नव्हतं. पण सासुरवाडीच्या अंगणात, निखाऱ्यांवरून तुकडा त्याच्या ताटात पडता पडता मेव्हणा विल्फ्रिदो म्हणाला, "दाजी, जरा बेताने. पोट टेबलाखाली मावेना झालंय."

विल्फ्रिदो दातांचा डॉक्टर. अंगाने काटक, जिभेने त्याहून काटक. मागच्या वर्षी ट्रायथलॉन पुरी केल्यापासून जगातला कुठलाही विषय तिथेच नेऊन टेकवायचं त्याने व्रतच घेतलं होतं. आज उकडतंय म्हणावं, तर "आम्ही धावलो त्या दिवशी याहून उकडत होतं." कुणी गेलं म्हणावं, तर "बिचारा! व्यायाम नव्हता ना." आधी नदीत पोहायचं, मग ओल्या अंगाने सायकलवर टांग मारायची, सायकलवरून उतरलं की धावत सुटायचं आणि मध्ये कुठे घोटभर पाणीसुद्धा बसून प्यायचं नाही, हा प्रकार त्याने जेवताना इतक्यांदा सांगितला होता, की सेल्सोला नुसतं ऐकूनच दम लागायचा.

"त्यात काय एवढं?" सेल्सो बरगडी चोखत म्हणाला. "पोहता मला येतं, सायकल येते, धावता तर कुत्र्यालाही येतं. तिन्ही एकापाठोपाठ केलं की झालं!"

(हे बोलणं पुढे कितीतरी महिने त्याने मनातल्या मनात परत घेतलं. पण बोललेलं आणि गिळलेलं परत घेता येत नाही.)

"मग उतरा की या मोसमात."

"उतरतो."

त्याची बायको निदिया कोशिंबिरीसाठी टोमॅटो चिरत होती. तिची सुरी थांबली. निदिया शाळेत गणित शिकवते. बोलते कमी, पण उत्तर बरोबर असतं. "सेल्सो," ती म्हणाली, "त्याआधी स्वयंपाकघरातल्या उरलेल्या फरशा बसतील का?"

सगळं अंगण हसलं. कारण सेल्सोचं घर आमच्या एन्कार्नासियोन गावात सगळ्यांना माहीत होतं. पुढच्या भिंतीला रंग होता, तो दरवाज्यापर्यंत. गिटार शिकला होता, ती दोन गाण्यांच्या पहिल्या ओळींपर्यंत. आणि फरशा होत्या, त्या चुलीपासून खिडकीपर्यंत. खिडकीपासून पुढे सिमेंट. नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणीत तो कारकून. साऱ्या गावाची सुरुवात आणि शेवट त्याच्या टेबलावरून जायचे. स्वतःच्या कुठल्याच गोष्टीचा शेवट मात्र त्याने अजून पाहिला नव्हता.

मोसमात तीन शर्यती होत्या. तिन्ही आपल्याच पराना नदीच्या काठी. तिन्हींना सेल्सोने नाव घातलं आणि तयारीला लागला.

सायकल घरात आली. ओसरीला कुलूप नाही म्हणून ती झोपण्याच्या खोलीत आली, आणि पलंग आणि कपाटाच्या मध्ये जी उभी राहिली ती निदियाच्या बाजूला. निदियाचा एक गाऊन पेडलमध्ये फाटला. दुसरा साखळीच्या तेलात काळा झाला. तिने तिसरा काढला. बोलली ती रोज येऊन-जाऊन असणारी तिची आई, दोन्या पोर्फिरिया. घट्ट काळ्या चड्डीतला जावई पाहून म्हातारीने छातीवर क्रूस काढला.

"जावईबापू, कपडे कुठेत?"

"हेच कपडे आहेत, आई."

"हे आतले झाले. बाहेरचे कुठेत म्हणते मी?"

पहिली शर्यत वसंतात, ऑक्टोबरमध्ये होती. सेल्सोने डोकं लढवलं. नदीत मान वर काढून वाट शोधण्यात दम जातो, त्यापेक्षा समोरच्या कुणा स्पर्धकाची पिवळी टोपी नजरेत धरावी आणि तिच्यामागून जावं. शिट्टी झाली, शंभर-एक लोक पाण्यात घुसले, लाथा बसल्या, नाकात पाणी गेलं. पण थोड्या वेळाने त्याला एक छानशी पिवळी टोपी सापडली. संथ, समजूतदार टोपी. तिला गाठणं जमत होतं. सेल्सोला वाटलं, अरे, हे तर येतंय आपल्याला! लाथा थांबल्या, गर्दी विरळ झाली. (गर्दी विरळ झाली म्हणजे आपण पुढे गेलो, असा त्याने अर्थ लावला. माणूस पाण्यात आशावादी होतो.)

अखेर पायाला वाळू लागली. टोपी उभी राहिली. ती साठीतली एक भरदार बाई होती.

"काय हवंय तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"सायकली कुठे आहेत?"

"कसल्या सायकली? मी रोज सकाळी इथे पोहते. तुम्ही त्या दगडापासून माझ्या मागे आहात. मी वळले की वळताय, मी थांबले की थांबताय!"

काठावर टॉवेल घेऊन उभे असलेले त्यांचे यजमान पुढे आले. मिशा मोठ्या होत्या. "कोण आहे गं हा?"

"मी स्पर्धक आहे," सेल्सो म्हणाला.

"कुणाचा?" यजमान गरजले.

शर्यतीची होडी सेल्सोला शोधत शोधत दुसऱ्या किनाऱ्यावर पोचली, तेव्हा तो त्यांच्या चटईवर बसून आपल्या लग्नाची सगळी हकिगत सांगत होता आणि यजमान निवळून त्याला थंडगार तेरेरे, म्हणजे बर्फाच्या पाण्यातला पाल्याचा चहा, पाजत होते. वेळ कधीच संपून गेली होती.

त्या रविवारी विल्फ्रिदोने जेवायला बसताना विचारलं, "दाजी, बाई कशा आहेत?" आणि पुढचे सगळे रविवार हेच विचारलं.

दुसरी शर्यत जानेवारीत, आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यात. या वेळी सेल्सो पोहताना दर चार हातांनी मान वर काढत होता. दम गेला, पण किनारा बरोबर लागला. सायकलवर बसला तेव्हा त्याच्या मागे अजून सात-आठ जण होते! आयुष्यात पहिल्यांदा त्याने मागे वळून माणसं पाहिली. आनंदाने त्याने बाटली तोंडाला लावली आणि अर्धी रिकामी केली.

चव निराळी होती. निळ्या पुडीचं गोड पाणी त्याने स्वतः कालवलं होतं. हे कडू होतं. पण तहान मोठी, त्याने उरलेलीही संपवली. शहर मागे पडलं, सोयाबीनची शेतं लागली, आणि पोटात कुणीतरी टेबल सरकवल्यासारखा आवाज झाला.

पहिल्यांदा त्याने सायकल शेताच्या बांधाला टेकवली. दुसऱ्यांदा टेकवायला वेळ मिळाला नाही, नुसतीच टाकली. तिसऱ्यांदा एका घराच्या फाटकातून तो जो आत पळाला, तर अंगणात मका सोलणाऱ्या बाईने काही न विचारता मागच्या बाजूला बोट दाखवलं. (तोंडावरच लिहिलेलं असतं.) बऱ्याच वेळाने बाहेर आला, तर मागचे सात-आठ जण कधीच पुढे निघून गेले होते आणि रस्त्यावर मागे राहिलेल्यांना गोळा करणारी गाडी त्याच्या सायकलीजवळ थांबली होती. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला नाही. समजूतदार माणूस होता. नुसतं मागचं दार उघडलं.

घरी आल्यावर उलगडा झाला.

"आई, माझ्या बाटलीतलं पाणी कुणी बदललं?"

"मी," दोन्या पोर्फिरिया अभिमानाने म्हणाल्या. "ते निळं काय प्यायचं, शाई कुठली! मी आपल्या परसातल्या मुळ्या ठेचून घातल्या. पोट साफ होतं."

"शर्यतीच्या दिवशी पोट कशाला साफ करायचं?"

"तूच म्हणालास ना, की सायकल जितकी हलकी तितकी चांगली. सायकल काही मला हलकी करता येईना. म्हटलं, तुलाच करावं."

सेल्सोला हसावं की रडावं कळेना. तो उठून खोलीत गेला आणि पलंगावर आडवा पडला. दुपारची वेळ, सगळं गाव झोपलेलं. निदिया आत आली. सायकलीवरून पाय टाकून आपल्या बाजूला बसली.

"विकून टाकू या ती," ती म्हणाली.

"आईंची चूक होती. माझी नव्हती."

"माहीत आहे. सेल्सो, मला फरशांचं काही वाटत नाही. भिंतीचंही नाही. पण काही सुरू करताना तुझा चेहरा इतका आनंदी असतो, की दरवेळी माझा विश्वास बसतो. आता नाही बसणार, असं ठरवते. तरी बसतो. त्याचा त्रास होतो रे."

एरवी सेल्सोकडे कुठल्याही गोष्टीचं कारण तयार असायचं: सिमेंट महागलं, मास्तर गाव सोडून गेला, पावसाने रंग धरला नाही. आज एकही सुचेना. ती उठून गेली, तरी तो छताकडे बघत पडून राहिला. छताचाही एक कोपरा रंगवायचा राहिला होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तो धावायला गेला. सेल्सो काही करतोय आणि त्याबद्दल बोलत नाही, हे घरात इतकं नवीन होतं, की सासूबाईंनी निदियाला हळूच विचारलं, "काही बाहेरचं प्रकरण तर नाही ना? ती नदीतली बाई?" पण सेल्सो रोज जात राहिला. टाच सुजली तर पोहायला जायचा. खांदा धरला तर सायकल काढायचा. सगळं एकदम दुखलं, तेव्हा एक दिवस घरी बसला आणि त्या दिवशी पेडलवर जुनी चादर गुंडाळून ठेवली, निदियाच्या गाऊनसाठी. बाटली मात्र तो कपाटात कुलपात ठेवू लागला. उशाखाली किल्ली.

तिसरी शर्यत एप्रिलमध्ये. पाण्यातून तो सगळ्यात शेवटी निघाला, पण निघाला. सायकलची साखळी दोनदा पडली. दोन्हीदा त्याने रस्त्यातच बसून चढवली आणि काळे हात तोंडाला पुसले. वेळेच्या काठाकाठाने सायकल जागेवर लावली आणि धावायला निघाला, तर पायांनी सरळ सांगितलं, आम्ही नाही येत.

तो चालू लागला. थोडा धावला, परत चालू लागला. ऊन कलायला लागलं. पुढचे सगळे पोचून, पदकं घेऊन, मांस भाजायला आपापल्या घरी गेले. नदीकाठचा रस्ता गाड्यांना मोकळा झाला. पाणी देणाऱ्यांनी टेबलं उचलली. एकाने जाता जाता त्याला शेवटचं केळं दिलं आणि पाठ थोपटली, मयताला गेल्यावर थोपटतात तशी.

एका बाकापाशी सेल्सो थांबला. बाक सावलीत होता. नुसता टेकू, असं तो मनाशी म्हणाला. तेवढ्यात समोरून छत्री घेतलेली निदिया चालत आली.

"बसतोयस?"

"पाय संपले, निदिया."

"बरं." तिने छत्री मिटली. "मग बस. मीही बसते. दिवसभर उभी आहे."

पण ती बसली नाही. सेल्सोही बसला नाही. तो तिच्याकडे बघत होता. आपल्यावर विश्वास ठेवायचा नाही असं ठरवून ही बाई दिवसभर उन्हात उभी राहिली होती.

"चल," तो म्हणाला. "मागे बोलत राहा काहीतरी. थांबू देऊ नकोस."

"काय बोलू?"

"भांड माझ्याशी."

निदियाला सांगायची खोटी! फरशांपासून सुरुवात झाली. मग गिटार, मग लग्नाच्या वाढदिवसाला विसरलेला केक, मग साखळीच्या तेलातला गाऊन. सेल्सोही पेटला. तुझ्या आईच्या मुळ्या! तुझ्या भावाची जीभ! दोघं तावातावाने भांडत, एक लंगडत आणि एक छत्री नाचवत, नदीकाठाने निघाली. मासे धरणारे गळ सोडून बघत राहिले. शेवटची ती टोकाची वाट कधी सरली, दोघांनाही कळलं नाही.

समोर शेवटची कमान होती. होती म्हणजे, नव्हती. हवा भरायचा पंखा बंद झाला होता आणि ती फुगवलेली कमान रस्त्यावर मेलेल्या गाईसारखी पडली होती. माणसं ती गुंडाळायला आली होती. पण त्यांच्यापुढे दोन्या पोर्फिरिया उभ्या होत्या, हातात कुणाकडून तरी हिसकलेला माईक.

"कुणी हात लावायचा नाही!" सगळ्या किनाऱ्यावर आवाज घुमला. "आमचा माणूस यायचा आहे!"

आणि त्या पडलेल्या कमानीच्या मधोमध, ती दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धरून, विल्फ्रिदो उभा होता. गळ्यात स्वतःचं आजचं पदक, तोंड लालबुंद. किती वेळ धरून होता कोण जाणे.

"पळा दाजी!" तो ओरडला. "खांदे निखळले माझे!"

सेल्सो पळाला. पायांना न विचारता पळाला. तो कमानीखालून जातोय तोच विल्फ्रिदोचे हात सुटले, आणि सगळी कमान दोघांच्या अंगावर धप्पकन कोसळली. आत अंधार झाला. रबराचा वास आला. बाहेर सासूबाई माईकवरून देवाचा धावा करत होत्या.

कड उचलून निदियाचं डोकं आत आलं.

"पोचलो का मी?" सेल्सोने विचारलं. "निदिया, पोचलो का?"

"पोचलास," ती म्हणाली. ती रडत होती. पण गणिताची बाई, उत्तर तपासल्याशिवाय देत नाही. "शेवटची रेघ तुझ्या मागे आहे. मी पाहिलं."

खोक्यात तळाशी उरलेलं पदक सासूबाईंनी स्वतः त्याच्या गळ्यात घातलं. निळी फीत, गोल चकती. त्या रात्री विल्फ्रिदोने "बाई कशा आहेत" विचारलं नाही. शेक घेत पडला होता.

सोमवारी सेल्सो कामावर निघाला. पदक सदऱ्याच्या बाहेर, नीट दिसेल असं. घराच्या दोन पायऱ्या तो उलटा उतरला, कारण सुलटं उतरता येत नव्हतं. बसमध्ये कंडक्टर आणि एका शाळकरी मुलीने मिळून त्याला वर ओढलं. दांडा धरून तो छाती पुढे काढून उभा राहिला आणि कुणीतरी विचारायची वाट बघू लागला.

पुढच्या बाकावर एक खूप म्हातारी आजी होती. तिने त्याचे वाकडे पाय पाहिले, उन्हाने सोललेलं नाक पाहिलं, निळी फीत पाहिली. मग काठी टेकत उठली आणि त्याला आपल्या जागेवर बसवलं. सेल्सो बसला. (नाही म्हणायची ताकद नव्हती.) आजीने चकती हातात घेऊन भक्तिभावाने तिचं चुंबन घेतलं.

"ही देवीचीच फीत. काकुपेच्या यात्रेला पायी जाऊन आलास ना रे लेकरा?"

सेल्सोने तोंड उघडलं, पण आजी त्याच्याकडे कीव करत मान हलवत होती.

"पण यात्रा तर डिसेंबरात झाली," ती म्हणाली. "आत्ता पोचतोयस होय?"